कथन आणि खंडन : मराठीतील ख्रिस्ती धर्मप्रसारक ग्रंथांचा एक विचार

१

धर्मप्रसारासाठी लिहिलेल्या पुस्तकाला वाङ्मयाच्या इतिहासात कोणते स्थान द्यावे, या प्रश्नाकडे आपल्या समीक्षेने आजवर दोन प्रकारे पाठ फिरविली आहे. काही इतिहासकार अशा पुस्तकाला ‘प्रचार’ म्हणून बाजूला सारतात. त्यातील एखादे वचन भाषेच्या गौरवासाठी उद्धृत करावयाचे आणि उरलेला ग्रंथ कपाटात ठेवावयाचा, ही त्यांची रीत. दुसरीकडे धर्मसंस्थांचे इतिहासकार त्याच पुस्तकाची गणना प्रतींच्या व दीक्षितांच्या संख्येत करतात. त्याची भाषा, रचना आणि वाचकाशी असलेले त्याचे नाते यांच्याशी त्यांना कर्तव्य नसते. या दोन उपेक्षांच्या मध्ये एक मोठा ग्रंथसंभार अनाथ राहिला आहे. ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा अन्यधर्मीय शेजाऱ्यापर्यंत पोहोचवावी म्हणून मराठीत रचलेली पुराणे, चोपड्या, कथा, भाषांतरे आणि अभंग हा तो संभार होय.

प्रचार हा शब्द उच्चारला की वाद संपला, असे मानण्याचे कारण नाही. वाचकाला एका मार्गावर आणून सोडावे हा हेतू आपल्या प्राचीन वाङ्मयाला अपरिचित होता काय ? महानुभावांचे गद्य आपल्या पंथाच्या स्थैर्यासाठीच निर्माण झाले. नाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोन धर्म समोरासमोर उभे आहेत. वारकरी संतांची वाणी तर ऐकणाऱ्याला पंढरीच्या वाटेला लावण्यासाठीच आहे. या ग्रंथांना आपण हेतूमुळे नाकारीत नाही. तो हेतू शब्दात किती उतरला, हे पाहतो. मग हाच निकष ख्रिस्ती ग्रंथांना लावण्यास संकोच का वाटावा ?

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा. एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेच्या दारात नेऊन उभा करणाऱ्याला यजमानाची रीत पाळावी लागते, हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे. धर्मप्रसारक ग्रंथकाराची अडचणही मुळात हीच असते. या दृष्टीने सुमारे तीन शतकांच्या मराठी ख्रिस्ती ग्रंथांकडे पाहिले असता त्यांत दोन प्रवृत्ती आरंभापासून शेजारी शेजारी वाहताना दिसतात. एकीला आपण ‘कथन’ म्हणू, दुसरीला ‘खंडन’. आपल्याजवळ जे आहे ते सांगणे ही पहिली. दुसऱ्याजवळ जे आहे ते मोडून काढणे ही दुसरी. या दोहोंचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

फादर थॉमस स्टीफन्स हा विल्टशरमधील इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, तेथेच राहिला. त्यांतील बराच काळ त्याने साष्टी प्रांतात घालविला. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांच्या घडणीचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य टिपले आहे. विल्यम जोन्सचे कलकत्त्यातील प्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे. त्याच्या दोनशे वर्षे आधी एका धर्मोपदेशकाच्या कानाला हे साम्य ऐकू आले होते. त्याचे कोंकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. अर्वाचीन भारतीय भाषेचे छापील व्याकरण म्हणून त्याचे महत्त्व भाषाशास्त्रज्ञांना ठाऊक आहे.

परंतु त्याची कीर्ती ज्या ग्रंथावर उभी आहे, तो ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरलाच रोमन लिपीत छापला गेला. पहिले पुराण ‘जुन्या करारा’चे, दुसरे ख्रिस्तचरित्राचे, दोन्ही मिळून ९५ अवस्वर आणि सुमारे अकरा हजार ओव्या. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांतून. गोव्यातून कॅनरा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती समाजात तो टिकला, आणि जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. लंडनमधील मार्सडेन संग्रहात त्याची एक देवनागरी प्रत आढळली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने तो पुण्यात देवनागरी वेषात महाराष्ट्रापुढे आला.

या ग्रंथातील मराठीची स्तुती प्रत्येक पाठ्यपुस्तकाने पाठ करविली. ती सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरातील एक प्रसंग त्याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे. नवदीक्षित श्रोत्यांपैकी एक जण पाद्रीगुरूला नम्रपणे विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरी का देत नाही ? ‘क्रिस्तपुराण’ हे या प्रश्नाचे उत्तर म्हणून अवतरते.

या प्रश्नामागे गोव्याचा सारा इतिहास उभा आहे. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार मारले, आणि त्यांचे देह मिळविण्याच्या कामी खुद्द स्टीफन्सला पुढे व्हावे लागले. ज्या राजसत्तेने श्रोत्याचे जुने पुराण हिरावून घेतले, तिच्याच आश्रयाने त्याला नवे पुराण मिळाले, ही गोष्ट ग्रंथाच्या सौंदर्याच्या भरात विसरणे समीक्षकाला शोभणारे नाही. आणि तरीही ग्रंथकाराने हा प्रश्न दडपला नाही. श्रोत्याच्या तोंडून तो ग्रंथाच्या दाराशीच उभा केला. ज्याचे काही हरवले आहे त्याची तक्रार खरी आहे, हे त्याने मान्य केले. हे मान्य करणे ही ‘क्रिस्तपुराणा’ची वाङ्मयीन प्रेरणा होय.

म्हणूनच स्टीफन्सने साधी प्रश्नोत्तरी न लिहिता ओवी स्वीकारली. (प्रश्नोत्तरीही त्याने लिहिली, ती कोंकणीत, आणि १६२२ साली छापली गेली. प्रत्येक कामाला कोणते पात्र योग्य, हे त्याला ठाऊक होते.) एकनाथांनी देह ठेवून दोन दशकेही लोटली नव्हती आणि तुकोबा अजून बालवयात होते, अशा काळात एका इंग्रजाने श्रोत्याच्या कानात घोळणारा छंद उचलला. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले. उद्धारासाठी ‘मुक्ती’ व ‘मोक्ष’ हे शब्द घेतले. हे शब्द रिकामी भांडी नव्हेत. शतकांच्या भक्तीचा वास त्यांना आहे, हे त्याला कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. नव्या अर्थाला जुन्या घरात राहावयास पाठविले की, तो अर्थही थोडा त्या घरासारखा होतो. हा धोका पत्करल्यावाचून भाषांतर होत नाही. रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज वा लॅटिन संज्ञा आहेत, तेथे मार्सडेन प्रतीत अनेक ठिकाणी संस्कृत शब्द आले आहेत. या एका भेदावरूनही ग्रंथ दोन काठांमध्ये कसा हेलकावत होता, हे ध्यानी येते. मूळ देशी लिपीतच छपाई व्हावी अशी स्टीफन्सची इच्छा होती, आणि १६०८ साली त्याने आपल्या संघाच्या प्रमुखाला तसे लिहिलेही होते. ती इच्छा त्याच्या हयातीत सफल झाली नाही.

त्याच्याच मागून एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरच्या चरित्रावर ओवीबद्ध ग्रंथ रचला. त्याचे मुद्रण १६२९ मध्ये सुरू झाले. छंद तोच, प्रांत तोच, भाषाही तीच. परंतु या ग्रंथाचे पोर्तुगीज नावच सांगते की, पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या प्रमुख भ्रमांचे खंडन त्यात केले आहे. देवदेवतांच्या कथा घेऊन त्यांचे दोष दाखविण्यात ग्रंथकाराची शक्ती खर्ची पडते. त्याच्या पांडित्याविषयी आदर वाटतो. हिंदु पुराणे त्याने बारकाईने वाचली होती, हे उघड आहे. तथापि त्याला श्रोता मिळाला तो मुख्यतः संशोधकांचा. ‘क्रिस्तपुराण’ मात्र देवळा-घरांतून वाचले गेले, हातांनी उतरविले गेले. कथन आणि खंडन यांच्या भवितव्यातील फरक येथे प्रथम स्पष्ट होतो.

पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयच्या आज्ञेने गोव्यात देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान निघाले आणि तीन वर्षांत लोकांनी पोर्तुगीज शिकावी असे ठरविले गेले. जी भाषा शिकण्यासाठी स्टीफन्सने आयुष्य वेचले, तिची गरज सत्तेला उरली नाही. श्रद्धा पोहोचविण्याचा मार्ग ऐकण्यातून जातो. हुकूम सोडण्याला भाषा शिकावी लागत नाही.

३

एकोणिसाव्या शतकात हा प्रवाह पुन्हा सुरू झाला तो मुद्रणयंत्राच्या गतीने. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे काम हाती घेतले. मत्तयाचे शुभवर्तमान व मराठी व्याकरण १८०५ साली, कोश १८१० साली आणि ‘नवा करार’ १८११ साली बाहेर पडला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. १८१७ पासून त्यांच्या छापखान्यातून मराठी चोपड्या निघू लागल्या आणि १८२६ मध्ये त्यांनी ‘नव्या करारा’चे स्वतःचे भाषांतर पुरे केले. चोपडी हे या काळाचे खरे हत्यार. आठ-दहा पानांची, बाजारात वा जत्रेत हातावर ठेवता येईल अशी ही छोटी पुस्तिका आपल्याकडे छापील गद्याचा सामान्य माणसाशी परिचय करून देणाऱ्या पहिल्या वस्तूंपैकी होय.

या काळात खंडनाला जोर आला. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि दोनच वर्षांत मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. विल्सन यांनी १८३२ मध्ये तिला ग्रंथरूपाने उत्तर दिले. त्यावर साताऱ्याच्या नारायणरावांनी आक्षेप घेतले आणि १८३४ मध्ये विल्सन यांचे दुसरे उत्तर आले. १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाले, तेव्हा १८४४ मध्ये मोरभटांची ‘उपदेशचंद्रिका’ त्याच्या सामन्याला उभी राहिली. पुढे विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद केले आणि १८५९ मध्ये ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ प्रसिद्ध केला.

या वादग्रंथांत आज रस घेणारा वाचक विरळा. दोन्ही पक्षांच्या भाषेत कठोरपणा आहे, कोठे कोठे उपहासही आहे. पण त्यांचा एक उपकार विसरू नये. खंडन करावयाचे तर प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावे लागते. विल्सन यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या आरंभी मोरभटांच्या पुस्तकाचा अनुवाद छापला, आणि मराठी ब्राह्मणाचा युक्तिवाद त्याच्या विरोधकाच्याच हाताने इंग्रजी वाचकापर्यंत गेला. मराठी गद्याला पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची जी शिस्त पुढे नियतकालिकांतून लागली, तिच्या घडणीत या वादांचा वाटा मोठा आहे.

आणखी एक गोष्ट. मिशनच्या छापखान्यात अक्षरे पाडण्याचे कसब टॉमस ग्रॅहम यांनी वाढविले. तेथेच खिळे घासण्याचे काम करणारा एक गरीब मुलगा पुढे अक्षरांच्या ओतीव कामात निष्णात झाला आणि १८६९ साली त्याने ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. जावजी दादाजींच्या त्या छापखान्यातून संस्कृत काव्य-नाटकांच्या आणि धर्मग्रंथांच्या ज्या नेटक्या आवृत्त्या निघाल्या, त्या काशीपासून तंजावरपर्यंतच्या पंडितांनी वापरल्या. एका धर्माचा प्रसार करण्यासाठी आणलेले यंत्र दुसऱ्या धर्माच्या ग्रंथांना अमरत्व देऊन गेले. हेतूवरून परिणामाचे मोजमाप करू नये, हे सांगण्यास याहून बोलका दाखला शोधण्याची गरज नाही.

४

खंडनाच्या या धुमाळीत कथनाचा प्रवाह आटला नव्हता. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये बन्यनच्या रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने भाषांतर केले. आणि १८५७ साली बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. लेखकाने तीनच वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा आदल्या वर्षी झाला होता. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासास निघते आणि गावोगावी तिला विधवांच्या कहाण्या ऐकावयास मिळतात. पुढे तीही विधवा होते आणि अखेरीस ख्रिस्ती होऊन पुन्हा विवाहबद्ध होते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून हिचा उल्लेख होतो.

कादंबरी म्हणून तिच्यात उणिवा पुष्कळ आहेत. पात्रे पुष्कळदा व्याख्यानाच्या सुरात बोलतात, शेवट आधीच ठरलेला आहे, आणि लेखकाचा उपदेश कथेच्या पुढे धावतो. मग ती जगली कशाने ? त्या विधवांच्या कहाण्यांनी. आपल्या धर्माची थोरवी सांगावयास निघालेल्या लेखकाला दुसऱ्यांच्या घरांत शिरावे लागले, आणि तेथे शिरल्यावर त्याने जे ऐकले ते त्याच्या प्रतिपाद्यापेक्षा मोठे निघाले. केशवपनाचे दुःख ख्रिस्ती वा हिंदु नसते. तीस-पस्तीस वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो ?’ लिहिली, तेव्हा त्या आत्मकथेची नायिकाही यमुनाच होती. हा नामसाम्याचा योगायोग मानला तरी, मराठी कादंबरीला विधवेच्या मुखाने बोलावयास लावण्याचा पहिला यत्न एका धर्मप्रसारक पुस्तकाने केला, हे सत्य उरतेच.

अन्य भारतीय भाषांकडे पाहिले तरी हेच चित्र दिसते. बंगालीत हॅना कॅथरिन मलेन्स यांचे ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ १८५२ चे. तमिळमध्ये बेस्की या इटालियन जेझुइटाने १७२६ मध्ये ‘तेम्बावणी’ हे महाकाव्य रचले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृष्ण पिळ्ळै यांनी बन्यनच्या कथेवरून ‘रक्षण्य यात्रिकम्’ लिहिले. केरळात अर्णोस पाद्रीच्या ‘पुत्तन पाना’चे पठण घराघरांत होत आले. जेथे ग्रंथकार स्थानिक छंदाच्या, कथेच्या, गळ्याच्या स्वाधीन झाला, तेथे त्याची कृती टिकली. या सर्व ग्रंथांचा एकत्र अभ्यास कोणी केला, तर भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे एक नवे प्रकरण लिहावे लागेल.

५

वाचकावर यांतील काय परिणाम करते, याची साक्ष त्या काळच्या दोन मराठी माणसांच्या आयुष्यांत आहे. काशीत वाढलेल्या नीलकंठशास्त्री गोरे या चित्पावन पंडिताने तरुणपणी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचे खंडन केले. खंडनासाठी त्याला प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचावे लागले, आणि वाचता वाचता त्याचे मन पालटले. १८४८ मध्ये त्याने दीक्षा घेतली. दुसरे नारायण वामन टिळक. १८९३ च्या सुमारास आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला. गिरिप्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोघांवरही प्रभाव पडला तो वादग्रंथांतील युक्तिवादाचा नव्हे, तर मूळ कथनाचा.

टिळकांनी हे ओळखले होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती, आणि तो पूल मागे पाडून टाकण्याची कृतघ्नता त्यांनी केली नाही. त्यांच्या अभंगांनी मराठी ख्रिस्ती उपासनेचा सूर बदलला. इंग्रजी चालींवर ओढून-ताणून बसविलेल्या गीतांच्या जागी टाळ-मृदंगाला साजेशी रचना आली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ आरंभिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणे न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ मध्ये त्यांचा देहान्त झाला तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. तीन शतकांपूर्वी स्टीफन्सने बाहेरून येऊन ओवी उचलली होती. टिळकांना ती उचलावी लागली नाही, ती त्यांच्या घरचीच होती.

याच काळात पंडिता रमाबाई केडगावच्या ‘मुक्तिसदना’त बायबलचे भाषांतर करीत होत्या. संस्कृतवर त्यांचे प्रभुत्व. तरी खेड्यातील अशिक्षित बाईला समजावे म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर भाषा कटाक्षाने टाळली. आश्रमातील स्त्रियांनी ते छापण्याचे काम केले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये समग्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. भाषांतरकाराने आपले पांडित्य वाचकासाठी बाजूला ठेवावे, याचा हा एक दुर्मिळ आदर्श होय.

आणि लक्ष्मीबाई ? ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. त्यांत कोणाला वळविण्याचा यत्न नाही. नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेली, सोवळे-ओवळे सुटता सुटत नाही म्हणून स्वतःलाच हसणारी एक बाई आपली कहाणी सांगते, इतकेच. पण ख्रिस्ती श्रद्धेविषयी मराठी वाचकाच्या मनात जी आपुलकी या पुस्तकाने निर्माण केली, ती आधीच्या शंभर वर्षांतील चोपड्यांच्या गठ्ठ्यांना साधली नव्हती.

६

या विवेचनावरून ‘कथन श्रेष्ठ, खंडन कनिष्ठ’ असा सोपा निष्कर्ष काढणे मात्र उचित होणार नाही. खंडनात प्रतिपक्षाला उत्तर देण्याजोगा मानण्याचा मोठेपणा आहे. मोरभट आणि विल्सन एकमेकांना ऐकत होते, म्हणूनच भांडत होते. उलट कथनातही ऐकणाऱ्याची असहायता गृहीत धरण्याचा दोष शिरू शकतो. सत्तेच्या सावलीत वाचल्या गेलेल्या पुराणाचे श्रोते उठून जाण्यास मोकळे होते काय, हा प्रश्न गोव्याच्या संदर्भात विचारलाच पाहिजे. म्हणून खरा निकष वेगळा आहे. हे पुस्तक आपल्या वाचकाला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक देते काय, आणि त्याचे बोलणे ऐकून स्वतः थोडे बदलते काय ? ज्या पुस्तकांनी ही दोन्ही पथ्ये पाळली, ती त्यांच्या कर्त्यांच्या हेतूपलीकडे जगली. ज्यांनी ती पाळली नाहीत, त्यांच्या प्रती कितीही वाटल्या गेल्या असोत, त्या ग्रंथालयांच्या तळघरांत पडून आहेत.

धर्मांतर या विषयावर आपल्याकडे आज मोठ्या आवाजात बोलले जाते. अशा वेळी हे जुने ग्रंथ कोणीतरी शांतपणे वाचणे अगत्याचे आहे. त्यांत बळजबरीच्या खुणा आहेत, अहंकार आहे. तसाच परक्याची भाषा आयुष्यभर शिकत राहण्याचा विनयही आहे. दोन्ही नोंदविणे हे इतिहासाचे काम. १६१६ च्या त्या पुस्तकाची एकही छापील प्रत उरली नाही. ते आपल्यापर्यंत आले, कारण कोणी तरी ते हाताने उतरवून घेतले. ज्यांनी उतरवून घेतले त्यांच्यावर ते प्रथम लादले गेले असेल. पण उतरवून घेण्याचे कष्ट त्यांनी घेतले, ते ते आपले वाटू लागल्यावाचून नव्हे.